लाल पुन्हा लाल दिसल्यावर केलेली निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चादरी-अभ्र्यांवरच्या छापील नक्षीची कारागीर, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

१. मागच्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते भीतीपोटी केले होते. मी कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी छापून आली की लाल रंग भडक यायचा. दोन गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. छपाईखान्यात माझे निम्म्याचे भागीदार असलेले धाकटे दीर सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "वहिनी, डोळे गेले तुमचे. आता घरी बसा." मला ते पटले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचाही धीर झाला नाही. खरे ठरले तर काय, ही धास्ती. माझा हिस्सा दिरांच्या नावे लिहून मी मोकळी झाले होते.

२. तो हिस्सा आता सुनेला मिळावा. कारण लिहून ठेवते. एके दिवशी भाजी चिरताचिरता ती हातात टोमॅटो घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"आई, हा कोणता रंग?"

"लाल. एवढं दिसतं अजून."

"आणि स्क्रीनवरचा हा चौकोन? इथं तर शुद्ध लाल लिहिलंय."

"विटकरी," मी चाचरत म्हणाले.

"मलाही विटकरीच दिसतोय की! मग माझेही डोळे गेले का?"

वर्षभर मी फिका लाल बघून त्यात आणखी लाल ओतत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले.

३. कॉम्प्युटरही सुनेलाच. तो सतरा वर्षांचा आहे, पण आमचा नक्षीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही, म्हणून कोणी तो भंगारात काढू नये. दुरुस्तीवाल्या बाईंनी दुसरी स्क्रीन जोडून पाहिली. विटकरी तो विटकरीच. खोट कॉम्प्युटरातून स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात निघाली. दिरांनी बाजारातले सर्वांत दणकट कार्ड आणले, ते खाचेत बसेना. दुसरे बसले, पण त्याला वीज इतकी लागे की मशीन सुरू होताच मान टाकी. मग बाईंनी जुन्याच पिढीचे, वापरलेले कार्ड काढले. ते सगळे रंग दाखवते आणि चित्र हलवण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेते, त्यामुळे म्हाताऱ्या मशीनला धाप लागत नाही.

"वापरलेलं कशाला घेता?" दीर म्हणाले.

"मला काही खेळ खेळायचे नाहीत, भावजी. लाल तो लाल दिसावा आणि फूल सरकवलं की सरकावं. मी चहा पिऊन येईपर्यंत अडून बसू नये."

बाईंनी कार्ड बसवले. चौकोन उजळला, लालभडक. मी तिथेच हुंदके देऊन रडले. सून हसत होती.

४. दिरांनी माझी माफी मागितली आहे, पण स्वयंपाकघरात, दोघांतच. बोलले होते चारचौघांत. त्यांनी कामगारांसमोर माफी मागितली तर माझ्या यजमानांची रंग कालवायची पितळी भांडी त्यांना द्यावीत. त्यांचा जीव त्यांत अडकला आहे हे मला ठाऊक आहे. नाही मागितली तर भांडी मुलीला.

५. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. भांडू नये. भांडलात तर सून सांगेल ते ऐकावे.

६. कार्ड बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "या वयात असे डोळे क्वचित पाहायला मिळतात." तरी माझ्या पश्चात वेळ न दवडता ते दान करावेत. घेणाऱ्याला निःशंक सांगावे, चांगले आहेत.

हे सर्व मी लिहिले, वाचले आणि मगच सही केली.

सही: नक्षीकाम करणारी, स्वतः
साक्षीदार: १. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाई २. डोळ्यांचे डॉक्टर
स्थळ: छपाईखान्याची माडी
तारीख: चौदा मार्च