चाळिसाव्या मिनिटाला मेयोनीज

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

आज सव्वाआठला सिनेमा टीव्हीवर लागणार. अख्खं गाव बंबखान्यात जमणार. बंब बाहेर काढलेत, आत बाकं मांडलीत आणि गेबहार्टने भिंतीवर पांढरी चादर ताणलीय. गेबहार्ट आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. आज कुठे आग लागली तर तिने सिनेमा संपेपर्यंत थांबावं!

आमच्या गावात चित्रित झालेला पहिलाच सिनेमा. प्रेमाचा, हसण्याचा. खाणावळवाल्याची मुलगी हाम्बुर्गच्या आचाऱ्याच्या प्रेमात पडते, आजी आडवी येते, शेवटी सगळे एका टेबलावर. नायिकेला कांदा धड कापता येत नव्हता, म्हणून स्वयंपाक करणारे हात माझे. स्वयंपाकघरही आमचंच. ओट्मारने, माझ्या नवऱ्याने, गावभर दवंडी पिटलीय — "चेहऱ्याकडे नका बघू, हातांकडे बघा!"

आणि मी मनातल्या मनात विनवतेय की निदान त्या एका जागी हात दिसू नयेत. ऑक्टोबरपासून कुणाला बोलले नाही. इथेही लिहिलं नाही. कापला असेल त्यांनी तो तुकडा. नक्की कापला असेल.

शनिवार, २४ फेब्रुवारी

नाही कापला.

चाळिसावं मिनिट. चादरीवर माझे हात, एकेक बोट माझ्याएवढं. बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा, मोहरीची चटणी... आणि मग उजवा हात बरणीत चमचा घालतो आणि पांढरंशुभ्र मेयोनीज — थप्प! आणखी एक — थप्प! दीडशे माणसं बसलेली, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज! ते तिकडे उत्तरेत घालतात. आम्ही दक्षिणेकडची श्वाब माणसं मांसाचं गरम सार घालतो, व्हिनेगर, तेल, आणि ढवळताना पचपच आवाज आला की झालं सॅलड. इथे एक वेळ माणूस चर्च बदलेल, पण हे नाही.

समोरच्या घरातली वाल्ट्राउट गोड आवाजात म्हणाली, "हे हात कुणाचे म्हणायचे?" गेबहार्टने सिनेमा थांबवला. मागे नेला. परत थांबवला. अंगठ्यावरचा व्रण — किसणीने झालेला, गावाला पाठ आहे. "इर्मेलाच आहे ही," तो म्हणाला. प्रेत ओळखायला बोलावल्यासारखा!

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खास ठेवणीतला कोट घालून आलेल्या. उठल्या, सगळी बटणं लावली आणि सिनेमा अर्धवट टाकून घरी गेल्या. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

खरं कारण लिहूनच टाकते. सार कॅमेऱ्याला दिसत नाही! सिनेमाचं सामानसुमान बघणारा ओन्नो, उत्तरेकडचा भला माणूस. त्याने तीनदा सार ओतून बघितलं, तीनदा बटाटे नुसते ओले दिसले. "बाई, काहीतरी पांढरं घाला ना." सकाळी सातपासून उभी होते. पाय दुखत होते. घातलं!

शनिवार, म्हणून आज सगळे आपापल्या दारासमोर रस्ता झाडायला बाहेर. मीही गेले. माझ्या पायरीवर मेयोनीजची रिकामी बरणी, तिला लाल रिबीन. वाल्ट्राउट इतकी मन लावून झाडत होती की खालचं डांबर निघालं असतं.

रविवार, २५ फेब्रुवारी

सासूबाई बोलत नाहीत. म्हणजे माझ्याशी नाही. "ओट्मार, तुझ्या बायकोला विचार, कॉफी उरलीय का." मी टेबलाच्या पलीकडेच बसलेय! ओट्मार माझ्याकडे वळतो — "आई विचारतेय, कॉफी उरलीय का." "उरलीय म्हणावं." "आई, उरलीय." एका कपाला पाच मिनिटं लागली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पाववाल्याकडे गेले. तो म्हणाला, "पावाला लोणी लावू, की अजून काही पांढरं?" सगळं दुकान हसलं. मीही हसले. बाहेर आल्यावर पाव न घेताच आल्याचं कळलं.

शुक्रवार, ८ मार्च

टीव्हीवाल्यांनी खोकंभर पत्रं पाठवलीत. प्रेक्षकांची. "यातली बरीचशी आपल्या हातांना उद्देशून आहेत," असं वर लिहिलंय. ओट्मार रोज न्याहारीला मोठ्याने वाचतो.

श्टुटगार्टची एक बाई — "माझ्या नवऱ्याने टीव्हीवर चप्पल फेकली. टीव्ही नवा होता. भरपाईचं बघावं." एक निवृत्त मास्तर — भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार आणि चर्चच्या घंटा सहा, याचा खुलासा व्हावा. एक दातांचा डॉक्टर — नायक घास नीट चावत नाही, मुलांवर काय परिणाम होईल? कोलोनच्या एका आजीचं म्हणणं, सिनेमा छान, पण हाम्बुर्गचा मुलगा सोडून तिने टपालवाल्याशी लग्न करायला हवं होतं, तो जास्त कामसू वाटला. टपालवाला दोनच मिनिटं होता!

आणि ड्रेस्डेनचा एक विधुर. त्याने माझ्या हातांना मागणी घातलीय. चेहरा कसाही चालेल म्हणतो. ओट्मारने ते पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि दुपारी न सांगता भांडी घासली.

मला मजा वाटली असती. पण पत्रं सुरू झाली की सासूबाई ताट उचलून आपल्या खोलीत जातात.

बुधवार, १३ मार्च

अग्निशमन दलाची सभा. जूनच्या जत्रेत सॅलड कुणी करायचं? चाळीस किलो बटाटे, एकोणीस वर्षं मी करतेय. गेबहार्ट टोपी हातात फिरवत राहिला. "अगं इर्मेला, माझं काही नाही. पण लोक चमचा तोंडात घालण्याआधी वास घेऊन बघतील ना गं." मतं घेतली. पाचाविरुद्ध चार. सॅलड वाल्ट्राउटकडे गेलं.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई ओट्मारला म्हणाल्या, "वाल्ट्राउटचं सॅलड म्हणजे गारढोण चिखल." बस. माझ्यासाठी तेवढंच.

शनिवार, १६ मार्च

आज पायरीवर दोन बरण्या. एक भरलेली होती. फ्रिजमध्ये ठेवली, टाकवेना.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर

गाव गेलं खड्ड्यात! वाल्ट्राउटने पायरीवर मेयोनीजचं दुकान थाटलं तरी चालेल. पण हे घरातलं सहन होत नाही. एकतीस वर्षं एका ओट्याशी उभ्या आहोत आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. त्यांनी शिव्या घालत घालत सगळं शिकवलं. शिव्यांची सवय आहे मला. शांततेची नाही.

आज कोकराची तंगडी केली, त्यांच्या पद्धतीने. सॅलडही केलं, सार घालून, पचपच आवाज त्यांच्या खोलीपर्यंत जावा म्हणून दार उघडं ठेवून ढवळलं. आल्या, बसल्या, जेवल्या. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. "ओट्मार, बरं झालंय म्हणावं."

मी उठून मोरीशी गेले आणि नळ सोडून रडले. ओट्मार आला. "आई म्हणतेय, पाणी वाया जातंय."

गुरुवार, ११ एप्रिल

आज झालं काय ते लिहिते.

न्याहारीला ओट्मारने ल्युबेकच्या एका बाईचं पत्र काढलं. "त्या बटाट्याच्या चकत्या बघून मला रडू आलं. बटाटे गरम असतानाच सोललेले, चकत्या हातावरच कापलेल्या, फळीशिवाय, नाण्याएवढ्या पातळ. असे हात आता कुठे राहिलेत?" सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि तळघरात गेल्या. मी मागोमाग गेले. म्हटलं आज काय व्हायचं ते होऊ दे.

बटाट्यांच्या पेटीशी वाकून उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. मेयोनीज घालायला नको होतं. आता बोला, नाहीतर मारा. पण ओट्मारला मध्ये घालू नका, तो वाळून चाललाय."

वळल्या. सात आठवड्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हातावर चकत्या कापायला तुला कुणी शिकवलं गं?"

"तुम्ही."

"मग?"

मला कळेना. त्या पेटीतले बटाटे उगाच इकडचे तिकडे करत बोलायला लागल्या.

"सिनेमावाले हात बघायला यायचे होते, त्या दिवशी मी नखं कापली होती. तीन रात्री हाताला मलम लावून, मोजे घालून झोपले. टेबलावर ठेवले हात. तुझ्या हातांच्या शेजारी. ती दिग्दर्शिका पोरगी आली. तुझे उलटे केले, सुलटे केले, वा वा म्हणाली. आणि मला म्हणाली, 'आजी, जरा सरकता का? उजेड अडतोय.'"

मी तिथेच होते. माझ्या कानावर पडलं असणार ते. पण मी माझ्याच हातांकडे बघत होते! लाज वाटली. अशी लाज मेयोनीजचीसुद्धा वाटली नव्हती.

तोंडातून निघालं, "मग मेयोनीजचं काय?"

"मेयोनीज वाईटच! पण त्यासाठी कुणी सात आठवडे अबोला धरतं का? वेडी आहेस का तू?"

आणि माझ्या एप्रनच्या ओच्यात बटाटे टाकत सुटल्या. "हा घे. हा नको, कोंब फुटलेत. हा घे." वर आलो तेव्हा ओट्मार दाराशी उभा होता, निरोप्यासारखा तयारीत. सासूबाई म्हणाल्या, "तू काय बघतोस? जा कामाला."

शनिवार, १३ एप्रिल

सासूबाई आज स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर आल्या. चार फटके मारले, मग झाडूवर रेलून हाक मारली, "गेबहार्ट! मेल्या, इकडे ये." आला. पन्नाशीचा बाप्या, पण त्यांच्यापुढे शाळकरी होतो. "जत्रेचं सॅलड आमच्या घरातून जाईल. ज्याला वास घ्यायचाय त्याने माझ्यासमोर घ्यावा." वाल्ट्राउट पडद्याआडून ऐकत होती. पडदा हलत होता, वारा नव्हता!

सोमवार, ६ मे

ओन्नोचा फोन. सिनेमाचा दुसरा भाग काढतायत! पत्रांमुळे. शिव्यांची जास्त होती, पण पत्रं ती पत्रंच, म्हणाला. जूनमध्ये येणार. तेच स्वयंपाकघर, तेच हात.

मी म्हटलं, "हात नाही मिळणार."

"दुखतायत का, बाई?"

"दुखत नाहीत. पण सिनेमात आजी आहे ना? तिचे हात का दाखवत नाही? नुसती आरामखुर्चीत बसून भुवया चढवते. आजीला स्वयंपाक करू दे. हात माझ्या सासूबाईंचे घ्या."

त्याने कुठेतरी विचारलं, परत आला. हात थरथरतात का, किती वर्षांचे, प्रकाश कसा पडेल... मी म्हटलं, "थरथरतात. तुमचेही थरथरतील. त्यांचे हात घ्याल तर स्वयंपाकघर मिळेल, नाहीतर वाल्ट्राउटकडे जा. तिच्या फरशीवर गुलाबी फुलं आहेत." फोन ठेवला. कुणाला एवढं कधी सुनावलं नव्हतं, ड्रेस्डेनच्या विधुरालासुद्धा नाही!

मंगळवार, ७ मे

हो म्हणाले. पण! दुसऱ्या भागात आजी नातजावयाला मनापासून आपलं म्हणते. आणि ते कशावरून कळतं? त्याच्यासाठी ती स्वतःच्या हाताने सॅलडमध्ये मेयोनीज घालते. देवा! अख्ख्या जर्मनीत लिहायला दुसरं काही सुचत नाही का या लोकांना?

सासूबाईंना एवढंच सांगितलं की हात हवेत. म्हणाल्या, "मलम संपलंय. येताना घेऊन ये." मेयोनीजचं मी बोलले नाही. जीभच रेटेना. आत्ता सांगितलं तर नाही म्हणतील. त्या दिवशी कळलं तर सगळ्यांसमोर कोटाची बटणं लावून चालत्या होतील, आणि मग ओट्मारला मध्ये घालूनसुद्धा बोलणार नाहीत.

मंगळवार, ११ जून

उद्या. अजून सांगितलेलं नाही. सासूबाई हातात मोजे घालून टीव्ही बघतायत. ओट्मार म्हणतो, "सांगून टाक." मी म्हटलं, "तू सांग." तो अंगणात निघून गेला.

बुधवार, १२ जून

बरणी पुढे आली तेव्हा मी डोळे मिटले. थप्प! उघडले, तर घातलेलं होतं. एकदा, दोनदा, तीनदा दृश्य घेतलं. दिग्दर्शिका म्हणाली, "झालं आजी, अगदी छान." सासूबाई चमचा धरूनच उभ्या. "अजून एकदा घ्या," म्हणाल्या. "मेयोनीज जरा कमी पडलं."