उलटा चमचा

आधी हे वाच, मगच ताटावरचं झाकण काढ.

काल तुला उशीर झाला म्हणून मी आणि मुलं आधी जेवलो. तोच भोपळ्याचा पास्ता, जो मागच्या वेळी दोघांनी तोंडातही घेतला नव्हता. काल थोरल्याने चक्क पुन्हा मागून घेतला. मी चाटच पडले. तर धाकटी म्हणते, "आज बाबांचा उलटा चमचा नव्हता ना!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तू ताटात चमचा उलटा ठेवलास की दोघांनी 'ई' करायचं, म्हणजे बाबा बाहेरून मागवतात.

आणि मी कामावरून येऊन रोज नवीन काहीतरी करून बघायचे, भाज्या किसून लपवायचे. वर तूच पाठीवरून हात फिरवायचास, "पोरांचेच नखरे गं, तू मनाला लावून घेऊ नकोस."

आवडत नव्हतं तर तोंडावर सांगायचंस. पोरांना हाताशी धरून केसाने गळा कापलास.

आम्ही ताईकडे जातोय. उरलेला पास्ता मुलांनी हट्टाने डब्यात भरून घेतलाय. तुझं ताट टेबलावर झाकून ठेवलंय. त्यात फक्त चमचा आहे. उलटा.