मस्कतहून आलेली कलती मान

अण्णा, परवा एका गिऱ्हाइकानं मला तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली, आणि त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तुम्ही गेल्यावर मी बजाजनगरात फोटोचं दुकान टाकलं. हा माणूस बिडकीनचा, दुबईला वेल्डिंगच्या कामाला निघालेला, पासपोर्टचा फोटो काढायला आलेला. कितीदा काढला तरी मान एका बाजूला कललेली. मी वैतागले, सरळ बसा की हो म्हटलं. तर बिचारा म्हणाला, "ताई, तुम्हीच मान वाकडी करायलात. मी तुमचं बघून करायलो."

तेव्हापासून डोक्यात तुम्हीच. शहागंजातल्या तुमच्या स्टुडिओत मी नवी होते, तेव्हा एका नवरीची हनुवटी धरून वर केली. तुम्ही तिच्यासमोरच मला झापलं, "हात खाली. आपली मान हलव, ती हलवंल." मग कॅमेऱ्याशेजारी उभं राहून स्वतःची मान जराशी कलती केली, आणि आरशात बघावं तशी तिनंही केली. बाकीचे फोटोवाले खुशाल गिऱ्हाइकाचं तोंड धरून फिरवायचे. गल्लीत तुम्हाला हसायचे, मस्कतला जाऊन आला अन् लई साहेब झाला म्हणून. मलाही तो नखराच वाटायचा. आई सांगायची ते आता कुठं जुळतंय: तिथल्या स्टुडिओत बायांना हात लावायची सोय नव्हती, भाषा तर येतच नव्हती. मग सांगणार कसं? स्वतःच्या मानेनं. पण कलतीच का, अण्णा? तिथं कुणाची बघून उचलली, का मुळातच तुमची होती? विचारायचं राहूनच गेलं.

हल्ली कुणाच्याही घरी गेले की मी भिंतीवरचे जुने फोटो बघत बसते. तुम्ही काढलेला लगेच ओळखू येतो. लग्नातली जोडपी, बारशातल्या आया, सगळ्यांच्या माना तशाच. चहा गार होतो, लोक हसतात. आपल्या भिंतीवर मात्र तुमचा मस्कतला जाण्याआधीचा पासपोर्टचा फोटो आहे, ताठ मानेचा, हार घातलेला. दुसरा नाहीच, जगाचे काढलेत, स्वतःचा कधी काढू दिला नाही. खरं सांगू, त्या फोटोतला माणूस मला माझा बाप वाटतच नाही.

हे पाठवणार तरी कुठं. त्या माणसाला मी शेवटी कॅमेऱ्यामागं तोंड लपवून सरळ फोटो काढून दिला. वाकडा मात्र अजून पुसला नाही. रोज दुकान उघडलं की आधी तो बघते.