कुंकू लावलेला नारळ

कर्जत, मंगळवार, ता. ४ डिसेंबर १८८८

थोरला भाऊ आज कशेळ्याहून आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "आय गेली रं. आठ दिस झाले." आणि तो नारळ ओट्यावर ठेवला.

दिवाळीनंतर आई हाच नारळ घेऊन कशेळ्याहून चालत आली होती. माझा बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच. मी नारळावरचं कुंकू पाहिलं आणि दारातच म्हणालो, "मूर्तीला वाहिलेलं आमच्या घरात चालत नाही."

मोठा उपदेशक मी! दर रविवारी मंडळीला सांगतो, काहीही करण्याआधी प्रार्थना करा, प्रभूला विचारा. त्या दिवशी क्षणभर डोळे तरी मिटले का? नाही. आई नारळ पदराखाली घेऊन परत फिरली, पाणीसुद्धा न पिता.

भाऊ म्हणाला, "देवाचा नव्हता रं त्यो. तू परसात लावलेल्या माडाचा पयला नारळ. पयल्या फळाला ती कुंकू लावायचीच, ठावं नाय तुला? मरेस्तवर उशाशी ठेवला. कुनाला फोडू दिला नाय."

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं.

संध्याकाळपासून गुडघे टेकून बसलोय. नारळ समोर आहे. कुंकू फिकं झालंय, पण आहे. त्या दिवशी विचारलं असतं तर प्रभू दुसरं काय म्हणाला असता? एवढंच, की आधी तिला आत तर घे.