डाव्या फोर्कचं सील

७ नोव्हेंबर, शनिवार

१. गेल्या महिन्याच्या १७ तारखेला बाबांच्या जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या दोन्ही फोर्कची, म्हणजे चाक धरणाऱ्या नळ्यांची, तेल अडवणारी ऑइल सीलं मी घरीच बदलली.
२. ३१ला बाबा वळणावर पडले. पुढचा ब्रेक लागला नाही. गुडघा सोलवटला, मनगट मुरगळलं.
३. बाबा म्हणतात, "ब्रेकला काही झालेलं नाही. माझंच बोट वेळेवर दाबलं गेलं नाही. वय झालं."
४. दादाने गिऱ्हाईक आणलं. त्याच्या ऑफिसातला कोणी. १५ला, रविवारी, गाडी न्यायला येणार.

पडल्यापासून गाडीला कुणी हात लावलेला नाही. देण्याआधी धुऊन ठेवते, असं मी सांगितलं आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

पुढचं चाक धुवायला बसले. डाव्या फोर्कवरून तेलाचा ओघळ थेट ब्रेकपर्यंत. पॅड तेलात भिजलेले. हा ब्रेक लागणारच नव्हता — बोट कुणाचंही असो.

दोन आठवड्यांत नवीन सील गळतं? दुपारी फोर्क उतरवला, सील काढलं. सीलच्या आतल्या बारीक स्प्रिंगची बाजू वर होती. ती खाली हवी, तेलाकडे. मॅन्युअलमध्ये चित्र आहे.

तीनदा ताडून पाहिलं. उलटंच.

९ नोव्हेंबर

कसं झालं ते सापडलं.

काहीही उघडताना मी फोटो काढते. जसं निघालं तसंच परत बसवायचं. डाव्या फोर्कच्या फोटोत जुनं सीलही उलटंच आहे. उजव्यातलं बरोबर. हा फरक मला तेव्हाही दिसला होता! पण जुनी सीलं बाबांनी बसवलेली. बत्तीस वर्षं फिटर होते ते. पाना कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं. मी मॅन्युअल मिटलं आणि फोटोप्रमाणे बसवलं.

त्यांचं सील थेंब थेंब गळायचं. ते रोज सकाळी फडक्याने पुसायचे — "डाव्याला जन्मजात सर्दी आहे." १७ तारखेनंतर पुसणं बंद. आईला म्हणाले होते, "लेकीने केलंय, आता बघायला नको."

११ नोव्हेंबर

आई कणीक मळता मळता म्हणाली, "बल्ब गेलाय चार दिवस. स्टुलावर चढत नाहीत. दाढीसुद्धा खुर्चीत बसून करतात."

"मनगट दुखत असेल."

"मनगट कधीच बरं झालं गं. जिना उतरताना माझा खांदा धरतात."

जेवताना दादा म्हणाला, "थोडक्यात निभावलं म्हणायचं. वेळेवर कळलं, बाबा."

"हो रे. ड्रायव्हरचीच मुदत संपली, गाडीचा काय दोष?"

दादा हसला. आईही हसली. मी पाणी प्यायले.

तेव्हाच सांगता आलं असतं. ऑफिसात दुसऱ्यांची कामं तपासून मी सही करते. चूक कबूल करायला मला भीती वाटत नाही. पण बाबा लगेच विचारतील, उलटं कसं बसलं? तू तर फोटो काढतेस. दाखव.

त्या फोटोत त्यांचं काम आहे. सध्या त्यांच्याकडे तेवढंच उरलं आहे, असं त्यांना वाटतं.

१२ नोव्हेंबर

ऑफिसातून लवकर निघाले. दोन्ही फोर्क उघडले. नवीन सीलं, स्प्रिंग खाली. मॅन्युअल शेजारी उघडं. दोन्हीकडे मोजून सारखं तेल. ब्रेकचे पॅड नवीन. हँडल धरून वीस वेळा दाबलं, मग गल्लीत सहा फेऱ्या मारल्या. दोन्ही फोर्क कोरडे. ब्रेक जागेवर लागतो.

बाबा खिडकीत होते. खाली आले नाहीत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो पुसून टाकला. बाबांच्या चष्म्याखाली चिठ्ठी ठेवली. नक्कल:

"बाबा, १७ ऑक्टोबरला डाव्या फोर्कचं सील मी उलटं बसवलं. घाई केली, मॅन्युअल पाहिलं नाही, फोटोही काढला नव्हता. तेल ब्रेकवर उतरलं. तुमचं बोट वेळेवर दाबलं गेलं होतं. पॅड मी स्वतः पाहिले आहेत, याबद्दल शंका नाही. आता सगळं दुरुस्त केलं आहे. गाडी द्यायची की ठेवायची, ते उद्या, शनिवारी, संध्याकाळी सहापर्यंत मला सांगा."