कराची ते मुंबई, साडेतीन तास

सोम. ४ फेब्रु. १९४६
कराचीहून जावयांचं पत्र. कुसुमला गुरुवारी अकराच्या विमानात बसवून देतात. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. पण सातव्या महिन्यात लेकीला दोन दिवस-रात्री आगगाडीत धक्के खात आणायचं नाही, हा हट्ट माझा. शाळेतला नकाशा घरी आणून दोरा लावला. साडेपाचशे मैल. ताशी एकशेसाठ. साडेतीन तास! इतवाऱ्याच्या बाजारात चार जणांना सांगूनही आलो. भूगोलाच्या मास्तराला मिरवायला मिळतं कधी?

बुध. ६
सौ. दोऱ्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "हा सगळा पाण्यावरूनच जातो की." म्हटलं, विमानाला पाणी काय नि जमीन काय. मग मलाच जेवण गेलं नाही.
मुंबईला तिच्या भावाला, बंडूला, आधीच लिहिलंय: जुहूच्या विमानतळावर उतरवून घे, दोन दिवस ठेव, पोचल्याचं कार्ड टाक. तार अजिबात नको. आमच्या गल्लीत तार म्हणजे कोणीतरी गेलं. तारवाल्याची सायकल नुसती दिसली तरी सौ. दार लावून घेते.

गुरु. ७
नदीपलीकडच्या जैनाबादची दूधवाली सकाळी म्हणाली, "मास्तर, आभाय साफ शे." इथलं आभाळ साफ असून काय उपयोग? तरी बरं वाटलं. वर्गात तापी पूर्वेकडे वाहवली. पोरं हसली. अडीच वाजले. उतरली असेल. असेलच.

शनि. ९
कार्ड नाही. कालपासून वाट. सौ. दोनदा दारात जाऊन आली, माझी नजर चुकवून. वारा समोरून असेल तर चार तास. पाच धरू. पण दोन दिवस कसे धरू? भीती वाटते. विमान माझं, आकडाही माझाच. शेवटी न राहवून तार ऑफिसात गेलो. बंडूला तार केली, उत्तर शाळेच्या पत्त्यावर दे. घरी बोललो नाही.

सोम. ११
उत्तर आलं. फळ्याकडे तोंड करून वाचलं. सातवा महिना म्हणून विमानात घेतलं नाही. शुक्रवारी सासूबरोबर आगगाडीने निघाली. अजून पोचली नाही.
मैल मोजले, वेग विचारला, वारासुद्धा धरला. अशा बाईला बसू देतात का, हे विचारायचं सुचलं नाही. जावयांनी बंडूला केव्हाच कळवलं असणार. तार नको म्हणून मीच तर बजावलं होतं.
घरी येऊन सगळं सांगितलं. सौ. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं. नकाशा तिनेच पसरला, दोरा माझ्या हातात दिला. "आता गाडीचं मोजा."
रुळांच्या काळ्या रेघेवरून वळवत वळवत नेला. सिंधमधलं हैद्राबाद, मारवाड, खाली. विमानापुरता तोडलेला दोरा अहमदाबादच्या अलीकडेच संपला.
सौ. आत गेली नि रीळ घेऊन आली.