रुईच्या लग्नाबाबत खुलासा

हळद मला लावून झाली होती. उरलेली नवरीला लावायची होती, पण रुईचा चीक डोळ्यात जाईल म्हणून कोणी पुढे होईना. शेवटी मनकर्णाकाकूने ती काठीच्या टोकाने लावली. अंतरपाट म्हणून फय्याज शिंप्याने कोणाच्या तरी सदऱ्याचे बेतलेले कापड धरले होते. जोशीबुवांनी विचारले, "मुलीकडचं कोण?" फय्याज म्हणाला, "मी हाय ना. रुई माह्याच दुकानामांगं उगोली." अक्षता पडल्या. असे काल दुपारी माझे लग्न झाले.

इंद्रभानभाऊ, हे आधी लिहिले, कारण दुसऱ्या कोणाकडून कानावर गेले तर तुम्ही पुढचे वाचणार नाही. आता रीतीने लिहितो. धनज मुक्कामी इंद्रभानभाऊंना शेलूबाजारहून पुंजाजीचा हात जोडून रामराम. इकडे सर्व ठीक आहे (जपान सोडून). वहिनींचे गुडघे कसे आहेत, पांढरी गाय व्याली का, ते कळवावे. तुमचा खोकला गेला असे इकडे समजले, आणि वाढला असेही समजले. त्यातले खरे कोणते ते तुम्हीच लिहावे.

तुमच्या बहिणीला, गोजराबाईला, मागणी घालून मला दोन वर्षे होत आली. ती तयार आहे. तिच्या सासरचे कोणी आडवे येत नाही. अडले आहे ते तुमच्या होकारापाशी. पोहरादेवीच्या जत्रेत तुम्हाला कोणी सांगितले की पुंजाजीची एक बायको कारंज्याला आहे. तेव्हापासून तुम्ही चौकशी करत आहात आणि मी वाट पाहत आहे. भाऊ, माझी बायको आहे हे परवापर्यंत साफ खोटे होते. आज ते अर्धे खरे झाले आहे, म्हणून हा खुलासा. (कारंज्याला मात्र कोणी नाही. जी आहे ती फय्याजच्या दुकानामागे आहे.) बिनलग्नाच्या माणसाला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचे रुईशी लग्न लावतात, हे तुम्हाला सांगायला नको. पहिली रुई, मग खरी. पण लोक दोन्ही कामे लागोपाठ उरकतात. पहिलीवरच थांबलेला माणूस आमच्या गावात मी एकटा.

हे कसे घडले ते सांगतो. रंगून जपानच्या हाती पडल्यापासून आमच्याकडे शांतता नाही. फय्याजच्या दुकानात अकोल्याचा पेपर शिळा होऊन येतो. पेपरात जे नसते ते मोटारीचा ड्रायव्हर सांगतो, आणि ड्रायव्हरला जे माहीत नसते ते फय्याज सांगतो. (मोटार हल्ली कोळशावर चालते. चढावर उतरून ढकलावी लागते, त्यामुळे बातम्यांना पुष्कळ वेळ मिळतो.) गेल्या आठवड्यात फय्याजने सुई बाजूला ठेवून सांगितले, "जपान वाशीमले येऊन राह्यला." मी विचारले, "कोनं पाह्यला?" तो म्हणाला, "पाह्यला असता तं तो मानूस वापस आला असता का?" वाशीमहून त्या दिवशी खरोखरच कोणी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिकडून एक तांब्याभांड्यांचा व्यापारी आला आणि बाजारात उभे राहून सगळ्यांकडे पाहत राहिला. शेलूबाजार पडले असे त्याला वाशीममध्ये सांगण्यात आले होते. तो उधारीची भांडी परत मिळतात का ते पाहायला आला होता.

मग गाव कारंज्याच्या दिशेने पळाले. मीही पळालो. काकू गाडीत जाते घेऊन बसली होती, कारण जपानी लोक दळायची जाती नेतात असे तिने ऐकले होते. अर्ध्या वाटेवर समोरून धुळीचा लोट आला. आम्ही जाते आडवे ठेवून त्यामागे बसलो. लोट जवळ आला तेव्हा त्यात तुमच्या धनजची माणसे निघाली. ती शेलूबाजारकडे पळत होती, कारण कारंजे पडले होते. एका लिंबाखाली दोन्ही गावांनी भाकरी सोडल्या. त्यांनी आमच्या गावाबद्दल हळहळ व्यक्त केली, आम्ही त्यांच्या. मी तुमची चौकशी केली. तुम्ही पळाला नाहीत, घरीच राहून ज्वारीच्या पेवावर माती ओढत होता, असे कळले. मला अभिमान वाटला. (वाटेत कोणाला तरी मी "आमचे इंद्रभानभाऊ" असे म्हणालो. ते तुमच्यापर्यंत आले असेल तर माफी असावी.) भाकरी संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर ती बातमी आली. बिनलग्नाच्या सगळ्या बाप्यांना सरकार पलटणीत घालणार, वय पाहणार नाही. पुढच्या मोटारीने शिपाई येणार. काकूने माझ्याकडे पाहिले. मी चाळिशी ओलांडली आहे, उजव्या पायाने लंगडतो, आणि मला पाहून जपान मागे फिरेल असे नाही. पण काकू म्हणाली, "आज लगन व्हाले पायजे." मी म्हटले, गोजराबाईच्या भावाचा होकार नाही. काकू म्हणाली, "रुईले भाऊ कुठी हाय?" रुईला भाऊ कसा निघाला ते वर लिहिले आहेच. फय्याज आता मला भेटला की "जावाईबापू" म्हणतो आणि साळा म्हणून धोतरजोडा मागतो. भाऊ, ती जागा तुमची होती.

हळदीच्या अंगाने घरी जाताना गोजराबाई वाटेत भेटली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"नवरी मुकी भेटली तुमाले," ती म्हणाली. "आता संसार बरा व्हईन."

"हे तुह्यासाठीच केलं," मी म्हणालो.

"माह्यासाठी करता तं धनजले जा. झाडाभवती काहून फिरता?"

संध्याकाळच्या मोटारीने शिपाई आला नाही. नवी बातमी आली. सरकार आधी लग्न झालेल्यांना नेणार, कारण त्यांना हुकूम ऐकायची सवय असते. तेव्हापासून घरात ताळ राहिलेला नाही. रुई जगली तर मी लग्नाचा, मेली तर विधुर, आणि विधुराचे काय करायचे यावर कोणतीच बातमी नाही. काकू तांब्या आणि कुदळ दोन्ही घेऊन रुईपाशी बसली आहे. मोटारीचा आवाज आला की ती फय्याजला विचारते, "पानी घालू का खंदू?" फय्याज म्हणतो, "माह्या बहिनीले हात लावाचा नाई." जोशीबुवांना विचारले तर ते म्हणाले की शास्त्रात पलटणीचा विचार केलेला नाही.

तर खुलासा एवढाच. माझी जी बायको आहे ती पानाफुलांची आहे, आणि रीतीप्रमाणे ती गोजराबाईच्या आधी यायलाच हवी होती. थोडी लवकर आली. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
पुंजाजी

ता. क. होकार द्यायचा झाल्यास कागदावर लिहून पाठवू नये. लिहिलेल्यावर सध्या इथे कोणी विश्वास ठेवत नाही. मोटारीच्या ड्रायव्हरच्या कानात सांगावे, आणि कोणाला सांगू नको असे बजावावे.

आणखी एक. बिनलग्नाच्यांची बातमी आली कुठून याचा मी छडा लावला. फय्याजला त्याच्या बायकोने, सकीनाने, सांगितली. सकीनाला ती विहिरीवर मिळाली. विहिरीवर ती गोजराबाईने आणली. मी तिला जाऊन विचारले. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मंग काय करू? भाऊ बोलेना, तुमी हालेना. जपान तं येऊनच राह्यला होता, म्या त्याले कामाले लावलं." भाऊ, तुम्ही तिच्यावर रागावू नये. लग्न झालेल्यांची बातमी तिची नाही, ती बहुतेक सरकारची असावी.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिले. आज उजाडल्यापासून गावात बातमी आहे की धनजहून इंद्रभानभाऊंचा होकार आला. आता खरी येणार म्हणून काकूने रुई खणून काढली. फय्याज रडला, मग सदऱ्याचे कापड धुवायला घेऊन गेला. जोशीबुवा पंचांग घेऊन ओट्यावर बसले आहेत. बातमी कोणी उठवली ते मी विचारले नाही. ती खोटी आहे असेही कोणाला सांगितले नाही. ड्रायव्हरने ती ऐकली आणि मोटार सुरू केली. हे पत्र त्याच मोटारीने येत आहे, पण तो आधी बोलेल. पाट उद्या आहे. तुमच्याकडच्या माणसांचा स्वयंपाक धरला आहे.